ठमीचा कोट, माझ्या अंगावर बेतलेला

दि. ६ मे

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी हौसेनं लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावलं म्हणून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात दुकानात मशीनवरून उठताना गुडघ्यानं दगा दिला. मी कापणीचं टेबल धरून उभी राहिले आणि काही झालं नाही असं दाखवलं, पण काजवालीचे डोळे कुठले सोडायला. काजवाली म्हणजे माझ्याकडे काजं-बटणं करणारी, आता दुकानात निम्मी भागीदार. तू तिला एकदाच पाहिलंस, पण तिचा आवाज विसरली नसशील. तिनं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि सगळ्या रस्त्यानं, बाईला स्वतःच्या देहाचा कसा पत्ता नाही, ते रस्त्याला ऐकवलं.

निदान असं. गुडघे वजनानं कुरकुरताहेत आणि रक्तात साखर अगदी काठावर आली आहे. आईला साखर होती म्हटल्यावर बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं की सख्खी बहीण आहे का, अंगानं कशी आहे. मी म्हटलं, माझीच दुसरी प्रत. ती लग्न होऊन गेली त्याला इतकी वर्षं झाली, तरी तिचा प्रत्येक कोट मी माझ्याच अंगावर बेतते आणि पाठवते, आजवर एक टाका उसवावा लागलेला नाही. त्या म्हणाल्या, मग आजच कळवा, तिनंही रक्त तपासून घ्यावं आणि तुमच्यासारखंच खावं. कळवलं.

खायचं काय ते ऐक. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद, साखर बंद, गोड फळं बंद. याला लो-कार्ब म्हणतात. अंडी, मासे, कोंबडी, कोबी, पालेभाजी, काकडी, मूठभर दाणे आणि लोणी चालेल. लोणी चालेल हे ऐकून मला आधी वाटलं बाई थट्टा करताहेत. त्या थट्टा करणाऱ्यांतल्या नाहीत. माझ्यासारख्याच आहेत.

तू पडलीस वसतिगृहाची स्वयंपाकीण. जन्मभर दोनशे मुलींच्या ताटात पाव-बटाटे वाढलेस, तुला हे पटणार नाही. पटलं नाही तरी कर. मेहुणे होते तेव्हा त्यांच्या आवडीचं करावं लागे हे मान्य. आता तुझ्या ताटात काय असावं हे तुझ्या एकटीच्या हातात आहे. त्याचा उपयोग कर.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू नुसती हो हो करतेस. कागदावरचं हो माझ्याजवळ राहतं. म्हणून उत्तर कागदावर आणि लवकर. लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही.

तुझी
ताई


दि. १७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले, मग परत पहिल्यापासून वाचलं. गुडघ्याला जप. काजवालीला माझा नमस्कार सांग. तुला हाताला धरून नेणारं कोणी या जगात आहे, हे मला आज कळलं.

रक्त तपासून घेते. घेते म्हणजे घेईन. इथला दवाखाना चढावर आहे.

बाकी पथ्याचं काय सांगू? तुझं पत्र आलं तेव्हा नेमका पाव भट्टीतून निघाला होता. वरून कडक, आत कापसासारखा. त्यावर लोणी ठेवलं, ते बसायच्या आत वितळलं. रात्रीसाठी बटाटे सालीसकट भाजायला टाकले होते, वर जाडं मीठ. रविवारी सफरचंदाचा केक केला, कडेला थोडा करपला, पण करपलेली कड तुला आवडायची म्हणून ती वेगळी काढली आणि मग मीच खाल्ली. आता मला रागावू नकोस, तुला मनाई आहे म्हणून तुझ्या वाटचं मी खाते, एवढंच.

लेकीचा दर रविवारी फोन येतो. तिकडे तिची सकाळ असते. जेवलीस का विचारते, मी जेवले म्हणते, मग ती तिच्या कामाला लागते. तीही तुझ्यासारखीच घाईची आहे.

वाड्यातली मांजर म्हणावी तशी वरच्या मजल्यावरची बाई दिवसभर जिन्यात असते. तिला माझ्या स्वयंपाकाची फार चौकशी. बाकी ठीक आहे. तू लिहीत राहा, मग ते पथ्याचं का असेना. माया पातळ होऊ देऊ नकोस, तेवढ्याला पथ्य नाही.

तुझी
ठमी


दि. २९ जुलै

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं केकचं वर्णन मी पूर्ण वाचलं नाही. अर्ध्यावर घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं वाचलं. माणसानं इतकं दुष्ट नसावं.

पहिले पंधरा दिवस कसे गेले ते लिहिते, म्हणजे तू सुरू करशील तेव्हा दचकणार नाहीस. डोकं असं धरायचं की जणू कोणी कपाळाला पट्टा आवळला आहे. पिंढऱ्यांत गोळे. तोंडाला एक विचित्र वास. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा कोट मी उलट्या बाजूनं इस्त्री केला आणि त्याच्या आईवरच ओरडले. पावाच्या दुकानावरून जायला नको म्हणून मी मागच्या गल्लीनं, कचऱ्याच्या पेट्यांजवळून जात असे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठले तर डोकं स्वच्छ, अंग हलकं. तेव्हापासून सोपं आहे. डॉक्टरीणबाई काट्यावरचा आकडा पाहून मान हलवतात. जास्त बोलत नाहीत, पण मान हलवतात.

स्कर्टाचे पट्टे दोनदा आत घेतले. आता तिसऱ्यांदा घ्यायला कापड उरलं नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईंच्या कागदावर नव्हती. दुपारी आम्ही सगळ्याजणी कापणीच्या टेबलावर जेवायला बसतो हे तुला माहीत आहे. कापड गुंडाळायचं, टाचण्या वेचायच्या, आणि प्रत्येकीचा डबा मध्ये. कोणाचं काय ते कोणी विचारत नाही. मी पथ्य सुरू केल्यावर त्या मला आग्रह करत, मी नको म्हणत असे. मग मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आग्रह करू नका, मला त्रास होतो. त्यांनी ऐकलं. आता आग्रह होत नाही. मी इस्त्रीच्या टेबलावर माझी दोन अंडी आणि काकडी घेऊन बसते, कारण मध्ये ठेवलेल्या डब्यांतलं मला काही चालत नाही आणि माझ्या डब्यातलं कोणाला नको असतं. काजवाली म्हणते मी शिक्षा झाल्यासारखी बसते. तिला म्हटलं, तू तुझी काजं बघ.

गिऱ्हाइकं म्हणतात, बाई, किती छान दिसता. घरी गेल्यावर हे म्हणायला आरसा आहे, पण तो कमी बोलतो. तक्रार नाही, नोंद आहे.

रक्त तपासलंस का? ते तू लिहिलं नाहीस. थंडीच्या आधी तुझा नवा कोट पाठवते. गडद निळं लोकरी कापड आलं आहे, तुला शोभेल. उत्तर येऊ दे, मन लावून लिहिलेलं.

तुझी
ताई


दि. १४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू इस्त्रीच्या टेबलावर एकटी बसतेस हे मला आवडलं नाही. तू परत त्यांच्यात बस गं. आपला डबा मध्ये ठेवायचा, कोणी खावो न खावो.

तुझं मन रमावं म्हणून सांगते, काल मी मोठ्या पातेल्यात सूप केलं. कांदा आधी लोण्यात सोनेरी होईपर्यंत परतला, मग गाजर, मग बटाट्याचे मोठे तुकडे, वरून ताजी मिरपूड. शेजारी पाव. दोन वाट्या घेतल्या. खिडकीशी बसून खाल्लं. खाली रस्त्यावर मुलं सायकली खेळत होती, त्यांतल्या एकीनं वर बघून हात केला, मीही केला.

रक्ताचं करते गं. निळा रंग चालेल. यांना निळा आवडायचा.

आठवण ठेव, आणि रागाची पत्रंसुद्धा पाठवत जा, ती लांब असतात.

तुझी
ठमी


दि. २० ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत कोट. नेहमीसारखा कच्चे टाके घालून मी अंगावर चढवला, काजवालीनं टाचण्या लावल्या आणि लावता लावता दोनदा मला टोचल्या. अस्तर राखाडी, खिसे खोल, कारण तुला खिशात सगळं घर घेऊन फिरायची सवय. आतल्या शिलाईत नेहमीपेक्षा कमी कापड सोडलं आहे, लोकर जाड आहे म्हणून. पोचल्याचं कळव. माझी तब्येत उत्तम. डॉक्टरीणबाईंनी आज एक पूर्ण वाक्य कौतुकाचं म्हटलं. प्रेम कोटाच्या घडीत आहे.

तुझी
ताई


दि. २ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

माझ्या हातून अशी चूक झाली आहे की ती शिकाऊ पोरीनं केली असती तर मी तिला आठवडाभर नुसती बटणं लावायला बसवलं असतं.

आज थंडी पडली म्हणून मी माझा गेल्या वर्षीचा कोट काढला. तो अंगावर असा लोंबला की मी वडिलांचा कोट घालून आरशासमोर नाचायचे ते वय आठवलं. आणि तिथेच, एक हात बाहीत असताना, लक्षात आलं. तुझा कोट मी माझ्या अंगावर बेतला. माझ्या आताच्या अंगावर! इतक्या वर्षांची सवय, अंगावर चढवला आणि काजवालीला म्हटलं लाव टाचण्या. मी बारीक झाले आहे हे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिसतं, फक्त माझ्या हाताला कळलं नाही. काजवालीला सांगितलं तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली.

तुला तो कोट पाठीत आवळेल, छातीवर बटण लागणार नाही, दंडाला बोळा होईल. घालायचा प्रयत्नच करू नकोस, काखेत उसवेल. तसाच परत पाठव. कापड शिल्लक आहे, मी नवा शिवते. तोवर गेल्या वेळचा घाल. टपालखर्च माझा.

रागावू नकोस. पण हसलीस तर मला कळव, कोणीतरी हसावं म्हणून तरी ही चूक उपयोगी पडू दे.

तुझी
ताई


दि. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोट पोचला. किती सुरेख शिवला आहेस! घातला आणि वाटलं तू पाठीमागून मिठी मारलीस, जरी तू कधी मारत नाहीस. खांदे चपखल, पाठ चपखल. इथे थंडी लवकर आली, म्हणून आत यांचा जाड स्वेटर घातला, तरी सगळी बटणं लागली. थोडा सैलच म्हण ना. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, असा कोट दुकानात मिळत नाही. मी म्हटलं, दुकानातूनच आला, फक्त दुकान माझ्या बहिणीचं आहे.

आज मटणाचा रस्सा शिजतो आहे, घरभर वास आहे. तुला मटण चालतं ना? मग ये जेवायला. थट्टा केली. तुला दुकान कुठे सुटतं. असाच जीव लावत राहा.

तुझी
ठमी


दि. ११ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

लबाडे!

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं वाचलं, माझं तुला मिळालं असेल. आता मला सांग, माझ्या आताच्या अंगावर बेतलेला कोट तुला जाड स्वेटरावरून सैल होतो तो कसा? मी खुर्चीवर बसून पत्र तीनदा वाचलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू गुपचूप पथ्य करते आहेस! मला पाव आणि केक लिहून पाठवायचे, जळवायचं, आणि स्वतः अंडी-कोबी खायचं. आणि माझ्यापुढे गेलीस! लहानपणी पळायच्या शर्यतीत असंच करायचीस, माझे पाय दुखतात म्हणत म्हणत पुढे जायचीस.

ठमे, मी सहसा शाबासकी देत नाही हे तुला माहीत आहे. पण देते. आईचं दुखणं आपल्या दोघींच्या वाट्याला येणार नाही, याचा मला फार आनंद झाला. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. काल कापणीच्या टेबलावर जाऊन बसले आणि तुझी गोष्ट सांगितली. बऱ्याच दिवसांनी तिथे बसले.

आता सविस्तर लिही. सुरुवातीला डोकं दुखलं का, किती दिवस? पिंढऱ्यांना काय लावलंस? सकाळी काय खातेस, दुपारी काय? आपण ताडून पाहू. अभिमान वाटतो, तो नीट जपून ठेव, वरचेवर मिळत नाही.

तुझी
ताई


दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस! हो, तुझंच ऐकलं. तुझ्यापुढे कोणाचं चाललं आहे?

मला काही त्रास झाला नाही बघ. डोकं नाही, पाय नाहीत, पहिल्या दिवसापासून हलकंच वाटलं. सकाळी एक केळं, मध घातलेलं दूध. दुपारी उकडलेलं रताळं, कारण बटाटा बंद म्हणालीस ना. संध्याकाळी काही हलकं. भूक अशी लागतच नाही.

तू टेबलावर जाऊन बसलीस हे फार छान झालं. माझ्यामुळे का होईना. आता रोज तिथेच बस. तिथे माझं नाव निघालं, याचं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुझी
ठमी


दि. २५ नोव्हेंबर

ठमीस,
आशीर्वाद.

शाबासकी परत घेते.

केळं, मध, रताळं. या तीनही वस्तू डॉक्टरीणबाईंच्या कागदावर मनाई केलेल्यांत आहेत. पथ्य करणारीला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आणि ज्या बाईनं जन्मभर पाव खाल्ला, तिनं तो सोडला आणि तिचं डोकं एक दिवसही दुखलं नाही, हे मी ऐकून घेणार नाही. तू पथ्य केलेलं नाहीस. मी निम्मं वर्ष मोजून-मापून खाल्लं तेव्हा इतकी उतरले. तू माझ्याहून जास्त उतरलीस. कशानं?

मी तुझी मागची सगळी पत्रं टेबलावर मांडून वाचली. त्यांत इतकं खाणं आहे की एक बाई ते खाऊन दारातून बाहेर पडू नये. भट्टीतला पाव, लोण्यातला कांदा, मटण. आणि अंगावर माझा कोट सैल. यांतलं एकच खरं असू शकतं, आणि कोट मी स्वतः शिवला आहे.

मी आठवडाभर दुकानात लोकांना सांगत फिरले की माझी बहीण कशी हुशार. त्या वेळी तू काय खात होतीस?

दुखणं असेल तर दुखण्याचं नाव लिही. दुसरं काही असेल तर ते लिही. गोड लिहू नकोस. मला राग आलेला नाही. भीती वाटते आहे, आणि मला भीती वाटली की अक्षर असं येतं.

उलट टपाली उत्तर.

ताई


दि. २ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुखणं नाही. चढ चढून दवाखान्यात जाऊन आले, तुझी शपथ. रक्तात साखर नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, आजी, खात का नाही? मी त्यांना म्हटलं, आजी म्हणायचं काम नाही. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुला देऊन बघते.

मी वसतिगृहात दोनशेजणींचा स्वयंपाक केला. डोळे मिटून करत असे. घरी आल्यावर यांचा आणि माझा, दोघांचा करत असे, तेही हाताला बसलं होतं. हे गेल्यावर पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी राहिले आणि एकीला किती कांदा चिरतात ते मला कळेना. अर्धा चिरला, अर्धा ठेवला. तो ठेवलेला अर्धा दुसऱ्या दिवशी तिथेच. ताई, त्या अर्ध्या कांद्याकडे मला बघवेना. मग मी चिरणंच सोडलं. चहा, बिस्किट, कधी दूध. उभ्यानंच. ताट काढलं की समोरची खुर्ची दिसते.

वरच्या बाईला कळू नये म्हणून जेवणाच्या वेळी मी स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावते. तो तासभर रिकामाच फिरतो. लेक फोनवर विचारते जेवलीस का, मी म्हणते जेवले. सवयीनं तोंडातून निघतं, आणि ती इतकी लांब आहे की खरं सांगून तिनं करायचं काय?

तुला पाव आणि सूप लिहून पाठवलं ते जळवायला नव्हतं. तू पथ्य सुरू केलंस आणि माझ्या मनात आलं, हिला आता हे कोणी देणार नाही. मग मी लिहायला बसले की मनातल्या मनात नीट स्वयंपाक करत असे. कांदा किती, लोणी किती, सगळं दोघींचं. पत्र पूर्ण झालं की वाटायचं जेवण झालं. तुझं पत्र आलं तर मात्र खरंच टेबलाशी बसून वाचायची.

मग तू शाबासकी दिलीस. ती नाकारायला मला धीर झाला नाही. तू मला याआधी शाबासकी कधी दिलीस, सांग बरं!

तू येऊ नकोस. थंडीत तुझी कामं डोक्यावर असतात. मी आजपासून काहीतरी करून खाईन. हे हो कागदावर आहे, जपून ठेव.

तुझी
ठमी


दि. ८ जानेवारी

ताईबाईंस,
स. न. वि. वि.

चार दिवस म्हणून बहिणीकडे गेलात, महिना झाला. पोरी विचारतात बाई कधी येणार, मी म्हणते बाईंना विचारायची हिंमत आहे का कोणाची? मलाच लिहावं लागतंय, आणि मला लिहायचं म्हणजे सुईत दोर ओवण्यापेक्षा कठीण.

वकीलसाहेबांचा काळा कोट अर्धा पडून आहे. ते म्हणतात बाईच कापतील तर द्या, नाहीतर थांबतो. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, घेऊ का नको? मोठ्या कात्रीला मी हात लावलेला नाही, तुमच्या भीतीनं.

बहीण कशी आहे ते आधी लिहा. दुकानाचं नंतर लिहिलं तरी चालेल. तुमचं पथ्य चालू आहे का तिकडे सगळं सोडलंत? इस्त्रीच्या टेबलावर आता कोणी जेवायला बसत नाही, तिथे अस्तरांचा ढीग आहे. रागावून का होईना, दोन ओळी पाठवा.

तुमची
काजवाली


दि. १५ जानेवारी

प्रिय काजवालीस,
स. न. वि. वि.

मी थंडी संपेपर्यंत येत नाही. पुढचंही आता सांगत नाही, म्हणून दुकान नीट तुझ्या हाती देते. अर्धवट दिलेलं काम मला आवडत नाही.

मोठी कात्री वापर. फक्त कापडाला, कागद कापलास तर मला इथे कळेल. वकीलसाहेबांना सांग की त्यांचे गेले तीन कोट तूच कापडावर आखून घेतले होतेस, मी नुसतं बघितलं होतं. गणवेश घे. माझी खुर्ची उंच आहे, खाली फळी दे. पाटीवरचं माझं नाव राहू दे, त्याखाली तुझं घाल, आणि रंगाऱ्याला सांग अक्षरं सारख्या उंचीची हवीत. किल्ल्या तुझ्याकडेच आहेत, त्या तुझ्याच समज.

आता बहिणीचं. मी आले तेव्हा तिनं दार उघडलं, आणि मी शिवलेला कोट तिच्या अंगावर हँगरला टांगल्यासारखा होता. तिला म्हटलं, पाणी तापव.

इथले डॉक्टर म्हणतात की खाणं सुटलं की भूकही सुटते, हळूहळू परत आणावी लागते. तिला सगळं खायचं आहे, भात, पाव, बटाटा, लोणी. मला त्यातलं एक लोणी. तेव्हा ओट्यावर दोन पातेली असतात आणि टेबल एक. गंमत अशी की शिजवते मी. ती ओट्याजवळ येते, उभी राहते, आणि परत खिडकीशी जाऊन बसते. मला कापड कापता येतं, कांदा नाही. पहिल्या आठवड्यात भात असा झाला की त्यानं पाकिटं चिकटवता आली असती. तिच्यापुढे ठेवला. ती चमच्यानं कडेकडेनं फिरवत राहिली आणि ताट तसंच परत दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिला रागवून पाहिलं, लाडीगोडी मला जमत नाही, तीही करून पाहिली. ती हसली, पण खाल्लं नाही.

खोटं सांगत नाही, काजवाली, मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा दुकानाच्या आठवणीनं रडले. मशीनच्या आवाजाच्या, आणि तुझ्या बडबडीच्यासुद्धा. हे पोरींना सांगायचं नाही. माझी जन्माची जागा ती होती. इथे रस्त्यावर मला कोणी ओळखत नाही, आणि माझा स्कर्ट सैल झाला तर कोणाला कळत नाही. भाताचा वास आला की माझं पोट अजून ओरडतं. मी त्याला काकडी देते.

परवा तिच्या लेकीचा फोन आला. लेकीनं नेहमीचं विचारलं. ठमी म्हणाली, नाही गं, अजून नाही, तुझी मावशी काहीतरी करते आहे. फोन ठेवून मान खाली घालून बसून राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं आहे की रोज ताटात काय उरतं ते लिहून ठेवा. दुकानाच्या सवयीनं पावतीसारखं लिहिते. आजचं तुझ्यासाठी उतरवून देते, कारण दाखवावं असं इथे मला दुसरं कोणी नाही. लोभ ठेव, आणि सगळ्यांना तो माझ्यातर्फे वाटून दे.

तुझी
ताई

आज दुपारी ठमीकडून माझ्या हाती आलं ते :
ताट एक. कडेला भाताची शितं, बाकी रिकामं.
वाटी एक. अर्धी.
पावाची कड, चावलेली.
तक्रार एक : बटाट्यात मीठ कमी आहे, उद्या मी घालीन.
मिळालं. — ताई